वसाहतीत रात्रीची गस्त सुरू करायची आहे. पोलिसांना सोबत कसे घ्यावे?

प्रश्न – दक्षिण बेळगावकर

बेळगाव शहराच्या दक्षिण टोकाला, पूर्वी भाताची शेती असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका वसाहतीत आम्ही राहतो. साधारण नव्वद घरे आहेत. निम्मी मराठी, उरलेली कन्नड, काही कोकणी आणि उर्दू बोलणारी. गेल्या महिनाभरात आमच्याकडे दोन बंद घरे फोडली गेली. एक कुटुंब लग्नासाठी गडहिंग्लजला गेले होते, दुसरे यात्रेला. दोन्ही ठिकाणी पुढच्या दाराचे कुलूप जसेच्या तसे होते आणि मागच्या बाजूचे, म्हणजे धुण्याच्या दगडाकडचे दार उचकटले होते.

तक्रार झाली, पंचनामा झाला, ठसे घेतले गेले. त्यानंतर आम्ही चौकशीला गेलो की "कॅमेरे लावून घ्या" एवढेच उत्तर मिळते. त्यामुळे वसाहतीतील तरुणांनी काठ्या घेऊन रात्री फिरण्याचे ठरवले आहे आणि एक व्हॉट्सॲप ग्रुपही उघडला आहे. मला यात दोन अडचणी दिसतात. पहिली ही की त्या ग्रुपवर दर तासाला कोणत्या ना कोणत्या भंगारवाल्याचा किंवा चादरी विकणाऱ्याचा फोटो "संशयित" म्हणून येतो. दुसरी अशी की आमच्या भागाचे नवे बीट पोलीस, म्हणजे हा ठराविक भाग नेमून दिलेले पोलीस, कलबुर्गीकडचे आहेत, त्यांना मराठी समजत नाही आणि आमच्या ज्येष्ठांना कन्नडमध्ये नीट सांगता येत नाही, त्यामुळे संवाद होतच नाही. रहिवासी आणि पोलीस यांचे सहकार्य प्रत्यक्षात कसे उभे करावे, हे ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ – निवृत्त हवालदार

माझी बहुतेक नोकरी याच जिल्ह्यात झाली, म्हणून पोलिसांच्या बाजूने काय दिसते ते आधी सांगतो. एका बीटमध्ये हजारो माणसे असतात आणि त्या बीटचा शिपाई बंदोबस्त, न्यायालयाचे समन्स, पासपोर्टची पडताळणी आणि विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात सुवर्ण विधानसौध या इथल्या विधिमंडळ इमारतीची ड्युटी यांतून उरलेल्या वेळात तुमच्या गल्लीत येतो. वसाहतीतून त्याला फोन येतो तो चोरी झाल्यावर, आणि तोही रागाने भरलेला. चोरीच्या आधी, साध्या आवाजात, "आमच्या कोपऱ्यावरचा दिवा चार दिवस बंद आहे" किंवा "रिकाम्या प्लॉटवर रात्री अकरानंतर एक पांढरी व्हॅन उभी राहते, तिचा क्रमांक असा आहे" असे सांगणारा माणूस त्याला फार क्वचित भेटतो. असा एक माणूस भेटला की शिपाई आपणहून त्या गल्लीत थांबू लागतो, हा माझा अनुभव आहे.

म्हणून काठ्यांपासून सुरुवात करू नका. प्रत्येक रस्त्याला एक, असे चार-पाच समन्वयक निवडा आणि त्यांत किमान एक कन्नड उत्तम बोलणारा रहिवासी घ्या. तुमच्या वसाहतीतच अशी निम्मी माणसे आहेत, त्यामुळे भाषेची अडचण तुम्ही समजता तेवढी मोठी नाही. या लोकांनी ठाण्यात दिवसा, गर्दी नसताना, निरीक्षकांना भेटून लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि महिन्यातून एकदा बीट पोलिसांनी वसाहतीत बैठकीला यावे अशी विनंती करावी. बैठक मंदिराच्या मंडपात ठेवलीत तर काही घरे येणार नाहीत, हेही ध्यानात असू द्या. शाळेचा वर्ग किंवा मोकळा प्लॉट बरा.

बंद घराचा प्रश्न निराळा आहे. चोराला कुलूप दिसण्याच्या आधी बाकीच्या खुणा दिसतात. दारात दोन दिवस रांगोळी नाही, दुधाच्या पिशव्या फाटकाला लटकलेल्या आहेत, तुळशीपुढे दिवा नाही आणि व्हरांड्यातला बल्ब मात्र दिवसाढवळ्या पेटलेला आहे, एवढे पुरते. गावाला जाताना शेजारणीला दारात रांगोळीची चार बोटे ओढायला सांगणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे. त्याखेरीज कर्नाटक राज्य पोलिसांच्या ॲपवर बंद घराची नोंद करता येते. ज्यांना ॲप जमत नाही त्यांनी ठाण्यात जाऊन तारखा लिहून द्याव्यात, म्हणजे रात्रीच्या फेरीत त्या घराकडे नजर जाते. मागच्या दाराला आतून आडणा बसवा. दोन्ही चोऱ्या मागून झाल्या असतील तर रिकाम्या शेताच्या बाजूने वाट आहे, आणि तुमचे सगळे कॅमेरे बहुधा रस्त्याकडे तोंड करून बसवलेले असतील.

कॅमेऱ्यांबद्दल आणखी एक. आम्ही तपासाला गेलो की दहापैकी सहा ठिकाणी डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ चुकलेले असायचे, कुठे वीस मिनिटे, कुठे चक्क वर्षाने. एका प्रकरणात तर चोर आमच्या हिशोबाने चोरी करण्याआधीच निघून गेला होता! कॅमेरा छताला लावला की शिरस्त्राणाचा माथा तेवढा दिसतो. एक तरी कॅमेरा कमी उंचीवर, येणाऱ्या वाहनाची पाटी टिपेल असा हवा. लहान हार्डडिस्कवर आठ-दहा दिवसांत जुने चित्रण पुसले जाते, तेव्हा घटना कळताच त्या रात्रीचे चित्रण वेगळे काढून ठेवा.

गुरखा ठेवला असेल तर त्याची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही पाहा. पन्नास-पन्नास रुपये गोळा करून ठेवलेल्या माणसाचे पूर्ण नाव कोणालाच ठाऊक नसते.

उत्तर २ – सीमेवरचा शेतकरी

आमचे गाव बेळगाव तालुक्यात, बाची-शिनोळीच्या पट्ट्यात आहे. आमच्याकडे चोरी होते ती विहिरीवरच्या मोटारींची, तांब्याच्या केबलची आणि कधी बांधावरच्या शेळ्यांची. चोर रस्ता ओलांडून पाच मिनिटांत दुसऱ्या राज्यात जातो. पलीकडे महाराष्ट्रात 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे आजही गावोगावी पोलीस पाटील आहे. आपल्याकडे 1961 च्या कायद्याने वंशपरंपरेची गावकामगार पदे गेली आणि पाटील हे आडनाव तेवढे मागे राहिले. त्यामुळे आम्ही आमच्या पंच कमिटीतर्फे पलीकडच्या गावच्या पोलीस पाटलांशी फोनची ओळख ठेवली आहे. दोनदा मोटार सापडली ती या ओळखीमुळे.

आता आमच्या चुकीबद्दल, कारण आपले तरुण काठ्या घेऊन निघाले आहेत असे आपण लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात चोरांच्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश रोज येत होते आणि आम्हीही गस्त सुरू केली होती. एका रात्री दीडच्या सुमारास ओढ्याजवळ एक दुचाकी बंद पडलेली दिसली. शेजारी उभा असलेला माणूस घाबरून धड उत्तर देईना, तेव्हा आमच्यातल्या एकाने त्याची कॉलर धरली आणि दुसऱ्याने बॅटरी थेट डोळ्यांवर मारली. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून दुसरी पाळी संपवून तो शेजारच्याच गावी निघाला होता आणि त्याची मावशी आमच्या गल्लीत दिली होती. चार थपडा पडल्यानंतर हे कळले. दुसऱ्या दिवशी पंचांसह आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला, पण एक शब्द बोलली नाही.

त्याच सुमारास, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि त्याच महिन्यात आपल्या राज्यात बिदर जिल्ह्यातील मुर्कीजवळ अशाच अफवेने हैदराबादच्या एका तरुणाचा जीव घेतला. आमच्या गावातही डवरी गोसावी, नंदीबैलवाले, वासुदेव दरवर्षी येतात. तेव्हापासून ते आले की ग्रामपंचायतीत त्यांची नावे लिहून घेतो आणि उतरायला शाळेची पडवी देतो, म्हणजे रात्री कोणी विचारले तर सगळ्यांना उत्तर माहीत असते.

सध्या आमची गस्त चौघांची असते. हातात बॅटरी, शिट्टी आणि वही. काठी कुत्र्यांसाठी एकच, तीही सर्वांत वयस्कराकडे. थांबवायचे नाही, अंतरावरून पाहायचे, वाहनाचा क्रमांक आणि वेळ लिहायची आणि 112 ला फोन करायचा. सीमेवरच्यांनी एक लक्षात ठेवावे: आमचा एक फोन मोबाईल टॉवरमुळे पलीकडच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात लागला होता, म्हणून आम्ही आता पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा आणि तालुका सांगतो.

उत्तर ३ – एक वकील

वरील दोन्ही उत्तरांना कायद्याची जोड देतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 40 प्रमाणे खासगी व्यक्तीला कोणालाही पकडता येते ते फक्त त्याने तिच्या समक्ष दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही असा) गुन्हा केला असेल किंवा तो घोषित गुन्हेगार असेल तरच, आणि पकडल्यावर विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. "संशय आला" हे कारण या कलमात बसत नाही. कर्नाटकात ग्रामरक्षक दलांसाठी 1964 चा वेगळा कायदा आहे, परंतु स्वतःहून गस्त घालणारा तुमचा गट त्या कायद्याखालचे दल ठरत नाही. तुम्ही साधे नागरिकच राहता. व्हॉट्सॲपवर एखाद्याचा फोटो "चोर" म्हणून फिरवणाऱ्यावर बदनामीची तक्रार होऊ शकते, तेव्हा ग्रुपवर फोटो टाकण्याचा अधिकार समन्वयकांपुरताच ठेवावा.

तक्रारीबाबत कलम 173 वाचावे. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती तक्रारदाराला वाचून दाखवणे बंधनकारक आहे. मजकूर कन्नडमध्ये असेल तर त्याचा अर्थ समजल्याशिवाय सही करू नका. समजावून सांगा म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते. गुन्हा हद्दीबाहेर घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते, म्हणजे सीमेवरच्या मोटारचोरीत "ते महाराष्ट्रात येते" असे उत्तर चालत नाही. नोंद नाकारली तर माहितीचा सारांश टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. बेळगाव शहरात 2014 पासून पोलीस आयुक्तालय असल्याने तेथे पोलीस उपायुक्तांना पाठवावा. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला नव्वद दिवसांच्या आत कळवण्याची तरतूद कलम 193 मध्ये आहे. आपल्या दोन्ही चोऱ्यांना अजून तेवढा काळ झालेला नाही, पण लेखी विचारणा आजही करता येईल. ठाण्याच्या दारात उभे राहून विचारण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – दक्षिण बेळगावकर

तिघांचेही मनापासून आभार. डब्याची हकीकत मी काल संध्याकाळी तरुणांना वाचून दाखवली. कोणी वाद घातला नाही, काठ्या मात्र अजून दोघांनी दारामागे ठेवल्या आहेत. आमच्या रस्त्यावरच्या निवृत्त कन्नड शिक्षिका समन्वयक व्हायला तयार झाल्या आणि त्यांच्यासोबत आम्ही ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. बीट पोलीस रविवारी येणार आहेत. बाईंनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की या वसाहतीतून त्यांना आजवर कोणी बोलावलेच नव्हते.

हवालदारसाहेबांच्या सांगण्यावरून सगळे कॅमेरे तपासले. बारापैकी अकरा रस्त्याकडे पाहत आहेत. शेताच्या बाजूचा एकुलता एक कॅमेरा दुसऱ्या फोडलेल्या घराच्या शेजाऱ्यांकडे आहे. त्याचे घड्याळ चाळीस मिनिटे पुढे असल्याने त्या रात्रीचे नेमके चित्रण आम्ही पाहिलेच नव्हते. घड्याळाला हात न लावता ते काढून पेन ड्राइव्हवर घेतले आहे. त्यात पहाटे दोन जण बांधावरून जाताना दिसतात, चेहरे स्पष्ट नाहीत, पण एकाच्या खांद्यावर आमच्या शेजाऱ्यांची निळी बॅग आहे. ते ग्रुपवर न टाकता उद्या सकाळी तपास अधिकाऱ्यांकडे नेऊन देतो.