दात-दाढ काढल्यावर घरी दुखणं कसं सांभाळावं? (अनुभव धागा, खान्देश)

ज्यांच्या हाताखालून असे पेशंट रोज जातात त्यांनी इथे लिहावं. 'माझी दाढ' नको. काय करायचं, किती, आणि कुठे बिघडतं, तेवढंच लिहा.

दातांच्या दवाखान्यातली असिस्टंट, भुसावळ

दिलेला बोळा पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. मध्येच काढून "थांबलं का?" बघायचं नाही, बघितलं की साकळलेलं रक्त सुटतं आणि पहिल्यापासून सुरुवात. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, लाळ गिळायची. दोन थेंब रक्तही लाळेत मिसळलं की तोंडभर वाटतं, गुलाबी लाळेला घाबरू नका. स्ट्रॉ बंद, चूळ बंद. खड्ड्यातली रक्ताची गाठ म्हणजे खालच्या हाडावरचं झाकण, तोंडाने ओढ बसली की ते निघतं.

परत रक्त आलंच तर गॉजची जाड घडी जराशी ओली करून नेमकी खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास चावून धरा. कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. हळद, कॉफी, तंबाखूची चिमूट हे प्रकार तर नकोच भो.

मेडिकलवाला, चाळीसगाव

ठणका सुरू व्हायची वाट बघू नका. सुन्नपणा साधारण दोन ते चार तास टिकतो, पहिली गोळी त्याच्या आत पोटात गेली पाहिजे. आधी चावावं न लागणारं काहीतरी खा, कारण सुन्न गाल चावला गेला तरी कळत नाही.

डॉक्टर बहुतेक आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल लिहून देतात, दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात. घोळ होतो तो पुढे. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४००सोबत पॅरासिटामॉल ३२५ असतंच. त्यावर घरातली डोलो ६५० घेतली की एका वेळी ९७५ मिलिग्रॅम झालं, आणि असं दिवसातून चार-पाच वेळा केलं की लिव्हरशी खेळ. गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, बेरीज करा. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. ती रक्त पातळ करायची गोळी मनाने बंदही करू नका.

अँटिबायोटिकने ठणका जात नाही. "ती स्ट्राँगवाली द्या" म्हणून मागू नये.

दंतवैद्य, जळगाव

वरच्या भाऊंच्या यादीत आपल्याकडचा मे महिना घाला. ४५ अंशांत पाणी न पिता आयबुप्रोफेन घेणं किडनीला जड जातं. तोंड दुखतं म्हणून लोक पाणीच कमी पितात. घोट घोट, ग्लासनेच, पण प्या.

बर्फ पहिल्या दिवशी, गालाला बाहेरून, रुमालात गुंडाळून. १५ मिनिटं ठेवा, १५ मिनिटं काढा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, ते अपेक्षितच असतं. कोमट शेक ४८ तासांनंतर. रात्री दोन उशा घ्या, आडवं पडल्यावर डोक्याकडे रक्त वाढतं आणि ठणका वाढतो.

दुखणं रोज थोडं उतरायला हवं. उतरता उतरता तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम उसळलं, कानापर्यंत गेलं, तोंडाला घाण वास आला, तर गाठ निघून हाड उघडं पडलंय असं समजा. ते गोळ्यांनी भागत नाही, खड्डा धुऊन औषधी पट्टी भरावी लागते. घरी लवंगेचं तेल ओतू नका, आतली कातडी भाजते.

घरच्या पेशंटांचा स्वयंपाक बघणारी, रावेर

मुगाची पातळ खिचडी, वर तूप, कोमट करून. आपली केळी आहेतच, दुधात कुस्करा. भरीत मऊ असलं तरी त्यातली हिरवी मिरची आणि दाण्याचे तुकडे खड्ड्यात जाऊन बसतात, या दोन्ही वगळून केलेलं चालतं. कळण्याची भाकरी, बट्टी, बिबड्या आठवडाभर लांब. शेवभाजीचा रस्सासुद्धा नको, झोंबतो.

नर्स, शहादा

चोवीस तासांनंतर मिठाचं पाणी: ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. गुळण्या खळखळून नाही. तोंडात धरा, मान दोन्हीकडे वळवा, आणि बेसिनवर तोंड उघडून पाणी आपोआप पडू द्या.

विडी, तंबाखू, मशेरी किमान तीन दिवस नाही, आठवडा पाळला तर उत्तम. "मशेरी लावली की बरं वाटतं" म्हणणाऱ्या आजींना मशेरीचा डबा देऊच नका. शुगरच्या पेशंटने दुखतं म्हणून जेवण टाळून शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नये, साखर एकदम खाली जाते.

दाबूनही रक्त थांबत नाही, ताप चढला, तीन दिवसांनंतरही सूज वाढतेच आहे, तोंड उघडेना, तर फोन करा. गिळता येईना किंवा श्वास अडला तर फोनही नको, थेट हॉस्पिटल.

भुसावळची असिस्टंट, पुन्हा

एक राहिलं. सगळे दात काढून लगेच कवळी बसवली असेल तर पहिल्या रात्री ती काढू नका, दुखली तरी. सुजेमुळे ती परत बसत नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच काढू.