आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत दरवाजा बसवायचाय, स्वतः करू की सुतारच बोलवू?

अमळनेरकर:
मागच्या खोलीचा दरवाजा खालून वाळवीनं खाल्ला म्हणून काढून टाकला. चौकट जुनी सागाची आहे, ती ठणठणीत. नवीन फ्लश डोअर, म्हणजे प्लायचा सपाट दरवाजा, आणून ठेवलाय, 35 एमएमचा, पण सुतार नुसते बसवायचे 900 मागतो आणि वर म्हणतो लग्नसराई संपल्यावर येईन. आखाजीला बहीण माहेरी येते, त्याच खोलीत राहते, तिला काय पडदा लावून देऊ? ड्रिल आहे, करवत आहे, यूट्यूबवर तर एक पोरगा 20 मिनिटात लावून मोकळा होतो. जमेल का भो?

भुसावळ_लोको:
त्या पोराची चौकट सरळ असते, आपल्या जुन्या घराची नसते. आधी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून चौकट उभी सरळ आहे का बघ अन दोन्ही कर्ण मोज. थोडाफार फरक चालतो, पण अर्धा इंच निघाला तर सरळ सुतार बोलव. मी ओळंबा न लावता बसवला होता, रात्री दरवाजा आपोआप उघडायचा, आई म्हणायची कोण आलं रे

शहाद्याची_ताई:
आम्ही दोघांनी बसवला दादा, जमतं, पण एकट्यानं उचलू नका, फार जड असतो. खाली पाचर ठोकून उभा करायचा, जुन्या बिजागऱ्यांच्या खाचा चौकटीवर आहेतच, त्याच खुणा दरवाज्यावर घ्यायच्या. खरी मेहनत पटाशीनं खाचा कोरायची, आमची एक खाच जास्त खोल गेली तर मागे पुठ्ठा घालून सारखी केली 😅 स्क्रूसाठी आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर लाकूड फाटतं. आणि बिजागऱ्या तीन लावा, दोनवर दरवाजा पुढे लोंबतो.

रंधा_पटाशी:
40 वर्षं हेच काम केलं म्हणून सांगतो. आता उन्हाळ्यात लाकूड सुकलेलं असतं, दरवाजा अगदी घट्ट बसवला की सगळे म्हणतात वा काय फिटिंग, आणि श्रावणात तोच फुगून अडकतो, मग लाथा. बाजूनं अन वरून 3 एमएम फट ठेवा. वरची आणि खालची कड कोणी रंगवत नाही, पाणी तिथूनच शिरतं, टांगायच्या आधी दोन्हीला प्रायमर मारा. फार कापायचा असेल तर कापू नका, फ्लशच्या कडेची पट्टी बारीक झाली की स्क्रू धरत नाही, मापाचा बदलून आणा. बाकी काम अवघड नाही. पण वाळवी एकटा दरवाजा खाऊन जात नसते, चौकट खालून हातोडीनं ठोकून बघितली का?

अमळनेरकर:
काका, कर्णात 4 एमएमचाच फरक निघाला, खूश झालो होतो. मग ठोकून पाहिलं. बिजागरीच्या बाजूला खालून वीतभर पोकळ आवाज, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर भुसाच बाहेर आला. सुतारालाच फोन केला, आता चौकटीच्या तुकड्यासकट 2200 म्हणतो आणि लग्नसराई आहेच. बहिणीला पुढची खोली देतो, आम्ही गच्चीवर.