ब्लॅक हिस्ट्री मंथला आपण मराठी पोरांनी काय करावं?

कोथरूडचा_बाळ्या
मंडळी, मी ओहायोत एमएस करतोय. फेब्रुवारीत कॅम्पसवर ब्लॅक हिस्ट्री मंथ, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो, यंदा ब्लॅक स्टुडंट्सच्या ग्रुपने आमच्या इंडियन असोसिएशनलाही टेबल लावायला बोलावलंय. व्हॉट्सॲपवर नुसता गोंधळ चाललाय, एक म्हणतो समोसे विकू, एक म्हणते बॉलिवूड डान्स बसवू, अरे महिना त्यांचा आणि नाचायचं आपण?? काहीतरी संबंध असलेलं सुचवा, बजेट जेमतेम पिझ्झापुरतं आहे.

जाईजुई
समोसे नको रे बाबा. ओहायोत आहेस तर आधी हे वाच. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वूडसन यांनी 1926 ला फक्त आठवडा सुरू केला होता, लिंकन आणि गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस दोघांची जयंती त्यात येते म्हणून (जयंतीचं आपल्याला वेगळं सांगायला नको). त्याचा अख्खा महिना केला तो तुमच्याच ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या पोरांनी, ब्लॅक युनायटेड स्टुडंट्सने, 1970 ला. अध्यक्ष फोर्डना जाग आली 1976 ला. आणि पोरं कसली, 1968 ला ब्लॅक पँथर चळवळीशी वैर असलेले कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे पोलीस कॅम्पसवर भरतीला आले तर यांनी धरणं धरलं, वर कारवाईची भाषा झाली तर शेकडो कृष्णवर्णीय विद्यार्थी सरळ कॅम्पस सोडून चालते झाले.

निळी_पाटी_नागपूर
संबंध शोधतोस कशाला, आहेच की. जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. 1946 ला बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, तुमचे लोक युनोकडे अर्ज करताहेत म्हणे, त्याची प्रत मिळेल का, कारण अस्पृश्यांसाठीही तसंच काही करायचं मनात होतं. डु बॉइसचं उत्तरही आलं. दोन्ही पत्रं ॲमहर्स्टला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, ऑनलाइन दिसतात. मोठ्या प्रिंट काढ, शेजारी 1972 च्या दलित पँथरवर चार ओळी, नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं ते तिथली पोरं बघताक्षणी ओळखतील. फक्त तुमच्या असोसिएशनमध्ये कोण कोण नाक मुरडतं ते बघ.

बंड्या७७
एवढं सिरियस कोण वाचणार भाऊ, खायला असेल तरच गर्दी.

जाईजुई
बंड्या, गर्दी हवी तर टेबल स्टेप शोच्या हॉलबाहेर लावायचं. ब्लॅक फ्रॅटर्निटीवाले (कॉलेजातल्या कृष्णवर्णीय पोरांच्या संघटना), त्यातली सगळ्यात जुनी अल्फा फाय अल्फा 1906 ची, कॉर्नेलची, पाय आपटत टाळ्यांवर जो ठेका धरतात ना, लेझीम खेळलेल्या माणसाचे पाय आपोआप हलायला लागतात. पण बाळ्या, जागा आणि वेळ त्यांना विचारूनच ठरव, यजमान ते आहेत.

कोथरूडचा_बाळ्या
नागपूरवाले, तुमच्या तोंडात साखर पडो नाहीतर काय पडो 😅 पत्रांचं टाकल्या टाकल्या एकाचा मेसेज, "कास्ट कशाला आणायची इथे". मग टेबल आम्ही चौघं मराठी पोरं वेगळं घेतोय, ब्लॅक स्टुडंट्सच्या ग्रुपच्या सेक्रेटरीला विचारलं, ती म्हणाली आणाच. आता 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेचा चांगला स्कॅन कुणाकडे आहे का, मला सापडला तो पार धुरकट आहे.