पगार नाही, खर्च घरचाच

मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाची तरुण पोरं धर्मप्रचाराला जातात. 'या पोरांना चर्च पगार देतं, म्हणून दारोदार फिरतात' असं काहीजण म्हणतात, ते बरोबर नाही. मिशनचा, म्हणजे या प्रचाराच्या काळाचा, खर्च मुलं स्वतः साठवतात किंवा घरचे भरतात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. दारं तोंडावर आपटली जातात हे मात्र अगदी खरं.

आम्ही २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन हाइट्सला राहायचो. थंडीत दोन पोरं दाराशी आली, एकोणीस-वीस वर्षांची, कोटावर 'एल्डर' (मिशनवरच्या मुलग्यांची पदवी) लिहिलेली काळी पाटी. आईने सवयीने चहा टाकला. त्यांना चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य, मग गरम दूध आणि पोहे दिले. एकजण आयडाहो राज्यातल्या खेड्यातला, आगगाडीच्या आवाजाने त्याला झोप लागत नव्हती. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी आठवड्याला एक ईमेल. हे ऐकून आईचे डोळे भरले. धर्माचं बोलणं आम्ही नम्रपणे नाकारलं, तरी जिना उतरताना त्याने तिला दोनदा थँक्यू म्हटलं. २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन करायची मुभा मिळाली. ती बातमी मी आईला मुद्दाम फोन करून सांगितली.