राब भाजायला लागले की जावेचं ल्युपस उसळतं. धुराचा संबंध असेल का?

माडाखालची (राजापूर तालुका)

माझ्या धाकट्या जावेला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटण्याचा आजार. वय 29. एचसीक्यूएस (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) रोज चालू, सोबत कमी डोसची प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड). पावसात, दिवाळीत बरी असते. शिमगा आला की बिघडते. सकाळी बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, कालवणाचं भांडं दोन्ही तळव्यांत धरून उतरवते. गालांवर लाल चट्टे, संध्याकाळी कणकण. डॉक्टरांनी उन्हाचं बजावलंय, म्हणून दुपारची खळ्यातही उतरत नाही, सनस्क्रीन लावते, पूर्ण बाह्या घालते. तरी होतंच.

मला शंका धुराची येते. घर आमचं उतारावर, पूर्वेला वरच्या अंगाला वाडीची शेतं. या दिवसांत राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-फांद्या पसरून जाळतात, कलमांच्या बागांतला पातेरा (गळलेला पाला) पेटवतात, मध्येच सड्यावर वणवा. न्हाणीची चूल सोडणं-चुडतं (नारळाची सालं, झावळ्या) घालून पेटते ती वेगळीच. पहाटे माजघरापर्यंत वास भरलेला असतो. सासूबाई म्हणतात, आम्ही धुरातच जन्म काढला. खरं आहे, पण त्यांना ल्युपस नाही. कुणाला असा अनुभव? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

लांजेकर

ताई, त्याच महिन्यांत ऊनही चढतं, तेव्हा एकट्या धुराला धरू नका. पडवीत बसलं तरी समोरच्या खळ्यावरून ऊन परतून अंगावर येतं. बाकी जाणकार सांगतीलच.

गुहागरची मास्तरीण

मला स्वतःला ल्युपस आहे, बरीच वर्षं. ताई, तुमची शंका रास्त आहे.

मॉन्ट्रियलमधल्या ल्युपसच्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतले पीएम 2.5 कण वाढले त्या सुमारास रुग्णांच्या रक्तात अँटी-डीएसडीएनए (ल्युपसमध्ये वाढणारी प्रतिपिंडं) आणि लघवीत कास्ट जास्त सापडले. कास्ट ही मूत्रपिंडाला सूज असल्याची एक खूण. धुरानेच झालं असं एवढ्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण कानाआड करण्यासारखंही नाही. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन दाह सुरू करतात. आपली प्रतिकारशक्ती आधीच आपल्याच अंगावर उठलेली, तिला आणखी निमित्त मिळतं. आणि हे काही फक्त शहरातल्या गाड्यांचं नाही. चुलीच्या, पातेऱ्याच्या धुरातही हेच कण असतात.

आधी न्हाणीची चूल बघा, कारण ती तुमच्या हातात आहे. पाणी गॅसवर नाहीतर सोलरवर तापवा. ते लगेच जमत नसेल तर जावेच्या हातात फुंकणी देऊ नका. ओल्या सोडणांवर फुंकणाऱ्या बाईचं तोंड चुलीपासून वीतभर लांब असतं, सगळ्यात दाट धूर तीच ओढते. हे मी आमच्याकडे भांडून बंद करवलं आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मग वारा बघा. रात्री-पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे तुमच्या वरच्या शेतांचा धूर थेट घरात. त्या वेळी पूर्वेच्या खिडक्या बंद ठेवा, तिची खाट पश्चिमेच्या खोलीत हलवा. दुपारकडे खारा वारा सुटला की सगळं उघडा. मोबाइलवरच्या आकड्यावर फार विसंबू नका, खेड्यासाठी तो बहुतेक वेळा लांबच्या केंद्रावरून बांधलेला अंदाज असतो. वास आला, डोळे चुरचुरले की समजायचं. बाहेर जायचंच असेल तर एन95, नाकावर घट्ट बसलेला. पदराने एवढे बारीक कण अडत नाहीत.

डॉक्टरांकडे नुसती शंका घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. राब कधी पेटला, ऊन किती लागलं, सांधे कधी धरले, ताप किती. अँटी-डीएसडीएनए, सी3, सी4 (प्रतिकारशक्तीशी संबंधित रक्तातली प्रथिनं) आणि लघवीतलं प्रथिन एकदा ती बरी असताना आणि एकदा बिघडल्यावर तपासता येईल का, ते विचारा. तुलना झाली तर त्यांनाही औषध ठरवायला सोपं जातं. गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवायच्या नाहीत, बंद तर मुळीच नाही. आणि ताप चढला, दम लागला, खोल श्वास घेताना छातीत दुखलं, पाय सुजले किंवा लघवीला फेस आला तर धुरावर ढकलून घरी थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

कर्जतचा शेतकरी

वाडीला 'राब बंद करा' म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. राबाने तण मरतं, राख मिळते, माती मोकळी होते, म्हणून भाजतात. पण न भाजताही भात पिकतो. आमच्याकडे नेरळच्या सगुणा बागेतून आलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भातलागवडीची पद्धत आहे. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, बी थेट टोकायचं. तरवाच (लावणीसाठीची रोपं) नाही, मग राब कशाला? तणाकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. एका शेतात करून दाखवा, बघून लोक वळतात. पातेरा कलमांच्या बुंध्याशी पसरा, ओल टिकते.

माडाखालची

मास्तरीणबाई, मनापासून आभार. तिची खाट पूर्वेच्याच खिडकीखाली आहे, हे लक्षातच आलं नव्हतं. आज दीर हलवतायत. सासूबाईंना तुमचा फुंकणीचा मजकूर वाचून दाखवला, त्या म्हणाल्या पाणी मी तापवीन. म्हणजे आता त्यांच्यासाठीही गॅसचंच बघायला हवं. कर्जतचे दादा, आमची जमीन चिखलाची, पाणी साठून राहणारी. तिथे गादीवाफे टिकतात का?