समुद्रात अमली माल पकडायचा, माणसं सोडायची : याला सहकार्य म्हणायचं का?

दर्याकाठ (धागाकर्ता)

मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता ३५ सोमाली चाचे घेऊन मुंबईला आली. आपल्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरवर पकडलेली ही माणसं थेट मुंबई पोलिसांच्या ताब्यात गेली. हे शक्य झालं, कारण २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा तयार होता.

आता त्याच समुद्रात, तेवढ्याच अंतरावर, मकरानच्या (इराण-पाकिस्तानच्या) किनाऱ्यावरून निघालेल्या ढाऊवर, म्हणजे लाकडी गलबतावर, दोन टन चरस सापडला असं समजा. काय होतं? बहारीनहून चालणाऱ्या संयुक्त सागरी दलांची, म्हणजे अनेक देशांच्या नौदलांच्या गटाची, सीटीएफ-१५० ही तुकडी वर्षानुवर्षं काय करते ते बघा. माल मोजायचा, नमुने ठेवायचे, बाकीचा नष्ट करायचा, गोण्यांच्या थप्पीचा फोटो प्रसिद्ध करायचा आणि खलाशांना त्याच ढाऊवरून जाऊ द्यायचं. पुढच्या मोसमात तोच नाखुदा (ढाऊचा कप्तान) परत निघायला मोकळा.

भारत नोव्हेंबर २०२३ पासून या दलांचा पूर्ण सदस्य आहे. ३१ मार्च २०२५ ला आयएनएस तर्कशने याच तुकडीसाठी काम करताना अडीच हजार किलोंहून जास्त माल पकडला, त्यात १२१ किलो हेरॉइन. नौसैनिकांचं कौतुक आहेच. पण जहाजांच्या हालचालींची माहिती देशोदेशी पोचवणारं गुरुग्रामचं केंद्र, हिंदी महासागरातल्या शेजाऱ्यांची कोलंबो सुरक्षा परिषद, संयुक्त सराव, एवढं सगळं असून पकडलेल्या माणसाचा खटला कोणत्या कोर्टात चालणार हे कुणी ठरवत नाही. सोमाली चाच्यांच्या वेळी युरोपीय संघाने २००९ मध्ये केनिया आणि सेशेल्सशी, २०११ मध्ये मॉरिशसशी करार केले : आम्ही पकडतो, खटला तुम्ही चालवा. अमली पदार्थांसाठी असंच काही होईपर्यंत प्रादेशिक सहकार्य म्हणजे ग्रुप फोटो, असं माझं मत.

मधलीसुट्टी

अर्धवट माहितीवर धागा काढलात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातजवळ ३,३०० किलो माल पकडला तेव्हा पाचही खलाशी पोरबंदरला आणले होते. नोव्हेंबर २०२४ ला अंदमानच्या समुद्रात तटरक्षक दलाने म्यानमारच्या मासेमारी बोटीवर सुमारे सहा हजार किलो मेथ (मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ) पकडलं, सहा जण आत गेले. माणसं सोडतात कुठे?

दर्याकाठ

दोन्ही उदाहरणं बरोबर. पण ती आपल्या दाराशी घडलेली आहेत, आपल्याच यंत्रणांनी केलेली आहेत. मी दूरच्या समुद्राबद्दल आणि 'संयुक्त' कारवाईबद्दल बोलतोय. हे धाग्यात स्पष्ट लिहायला हवं होतं, ती चूक माझी.

कलमकसाई

वकिली करतो, म्हणून थोडं कंटाळवाणं लिहितो.

चाचेगिरी आणि अमली पदार्थ एका तराजूत तोलता येत नाहीत. १९८२ च्या सागरी कायदा करारात कलम १०५ प्रमाणे चाच्याला कुठलाही देश पकडून स्वतःच्या कोर्टात उभा करू शकतो. अमली पदार्थांसाठी आहे कलम १०८, आणि ते म्हणतं, देशांनी 'सहकार्य करावं'. बस. परक्या जहाजावर चढून तपासणीची मुभा देणारं कलम ११० आहे, त्यात चाचेगिरी आहे, गुलामांचा व्यापार आहे, अनधिकृत रेडिओ प्रसारणसुद्धा आहे, पण अमली पदार्थ नाहीत! जहाज बिनझेंड्याचं, म्हणजे कुठल्याच देशात न नोंदलेलं, असेल तर चढता येतं. झेंडा असेल तर १९८८ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १७ प्रमाणे त्या देशाची परवानगी मागायची आणि वाट बघायची.

आपला अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा भारताबाहेर फक्त भारतीय नागरिकांना आणि भारतात नोंदलेल्या जहाज-विमानांवरच्या लोकांना लागू होतो. इराणी ढाऊवरचा इराणी खलाशी एडनच्या आखातात सापडला, तर त्याला मुंबईत आणून कोणतं कलम लावणार? आणि पंचनाम्याला पंच कुठून आणणार, डॉल्फिन?

फ्रान्सने हे करून पाहिलंय. २००२ मध्ये कंबोडियाचा झेंडा असलेलं 'विनर' जहाज पश्चिम आफ्रिकेच्या केप व्हर्देजवळ अडवलं आणि १३ दिवस ओढत फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात नेलं. कंबोडियाने परवानगीचं पत्र दिलं होतं. तरी २०१० मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ठरवलं की त्या पत्रात जहाजाबद्दल परवानगी होती, खलाशांना डांबून ठेवण्याबद्दल नव्हती, म्हणून तेरा दिवसांची ती कैद बेकायदा. म्हणजे नौदलं माणसं सोडतात ती आळसाने नाही.

रोखठोक_७७

एवढी कलमं कशाला? अमेरिकेने सप्टेंबर २०२५ पासून कॅरिबियनमध्ये बोटी उडवायला सुरुवात केली. ना खटला, ना जामीन. आपणही दोन ढाऊ उडवा, बाकीचे आपोआप घरी बसतील.

कलमकसाई

पहिल्याच हल्ल्यात ११ जण मेले. त्या बोटीत नक्की काय होतं आणि ती कुणाची होती, हे कुठल्या कोर्टात तपासलं गेलं? बोट बुडाली की पुरावाही बुडाला. मग माल भरून देणाऱ्याचं नाव कोण सांगणार?

मधलीसुट्टी

रोखठोक, गुजरातचे मच्छीमार वरचेवर पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात हे विसरू नका. 'संशय आला की उडवा' हा नियम सगळ्यांनी धरला तर पहिला फटका कुणाला बसेल?

लंगरवाला

व्यापारी जहाजावर बावीस वर्षं काढली, म्हणून लिहितोय. होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर रात्रपाळीला असताना अंधारात अचानक पुढ्यात लाकडी ढाऊ यायची. दिवा नाही, एआयएस (जहाजाची जागा कळवणारं यंत्र) नाही, लाकूड असल्यामुळे रडारवर पुसटसा ठिपका. त्यातली कुठली मासे घेऊन चाललीय आणि कुठली माल, हे सांगणं ज्योतिषाचं काम. उडवणाऱ्यांनी एकदा त्या पाण्यात पहारा करावा.

आता दर्याकाठसाहेबांना माझा विरोध. खलाशांना कोर्टात नेऊन काय हाती लागणार? बलुच किनाऱ्यावरची ही पोरं. बऱ्याच जणांना गोण्यांत काय आहे ते माहीत असतं, पण माल कुणाचा हे माहीत नसतं. बोट एकाची, माल दुसऱ्याचा, पुढे कुठे जायचं ते तिसरा सॅटेलाइट फोनवर सांगतो. यांना वीस वर्षं आत टाकलंत तरी पुढच्या महिन्यात दुसरी पोरं तयार. गरज सक्तीची असते हो.

आणि सगळा डोळा ढाऊंवर कशाला? सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात जवळपास तीन हजार किलो हेरॉइन सापडलं ते टाल्क पावडरच्या नावाखाली कंटेनरमधून, अफगाणिस्तानातून बंदर अब्बासमार्गे आलेलं. त्याला ना नाखुदा, ना अंधाऱ्या रात्री. कागदपत्रं व्यवस्थित, शिक्के व्यवस्थित. तिथे युद्धनौका काय करणार? तिथे सीमाशुल्कवाल्याने दुसऱ्या बंदरातल्या सीमाशुल्कवाल्याला वेळेवर फोन करणं म्हणजे सहकार्य.

अवांतर : जप्तीच्या बातमीतल्या रुपयांवर जाऊ नका. मे २०२३ मध्ये कोचीजवळ अडीच हजार किलो मेथ पकडलं, त्याची किंमत आधी १२,००० कोटी सांगितली, काही दिवसांत २५,००० कोटी झाली. किलो जवळपास तेवढेच.

दर्याकाठ

कंटेनरचा मुद्दा मान्य, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पण खलाशांबद्दल सहमत नाही. त्यांना मुख्य माणूस माहीत नसेल, पण सॅटेलाइट फोन त्यांच्याच ढाऊवर असतो ना? जीपीएसमधले जुने बिंदू, माल घेतला ती जागा, बोटीच्या मालकाचं नाव, हे सगळं त्या ढाऊवर असतं. ते घेऊन शांतपणे चौकशी करायला माणूस ताब्यात लागतो. दुपारी पकडून संध्याकाळी सोडलेल्याकडून काय मिळणार? वीस वर्षं द्या असं मी कुठे म्हटलं? साक्षीदार करा, कमी शिक्षा द्या. पण खटला तरी उभा राहू दे.

किनाराताई

कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेच्या नौदलाने भारतीय नौदलाला खबर दिली की श्रीलंकेचा झेंडा असलेल्या मासेमारी बोटी अरबी समुद्रातून माल नेताहेत. आपल्या विमानांनी शोधल्या, जहाजांनी अडवल्या, दोन बोटींवर ५०० किलो मेथ निघालं. बोटी, माल, माणसं सगळं श्रीलंकेच्या हवाली. झेंडा त्यांचा, कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं. परिषद नाही, जाहीरनामा नाही, तरी काम तडीला गेलं. हा ग्रुप फोटो आहे का, दर्याकाठ?

दर्याकाठ

नाही, हा नमुना आहे, आणि माझ्या धाग्यात तो नव्हता हे माझं अज्ञान. पण ताई, हे का जमलं बघा. ज्याचा झेंडा तोच देश फोन करत होता. मकरानच्या ढाऊंना एकतर झेंडाच नसतो, नाहीतर तो इराणचा असतो. इराण त्या संयुक्त सागरी दलांत नाही. पाकिस्तान आहे, सीटीएफ-१५० चं नेतृत्व त्याने अनेकदा केलंय, आणि आता त्याच दलांत आपणही आहोत. एका टेबलावर बसून एकमेकांना काय सांगत असतील देव जाणे. भारत-पाकिस्तानच्या किनारा सांभाळणाऱ्या दलांत २००५ मध्ये हॉटलाइनचा करार झाला, तिचा उपयोग ऐकू येतो तो पकडलेल्या मच्छीमारांपुरता.

कलमकसाई

म्हणूनच सांगतो, मोठ्या कराराची वाट बघू नका. कॅरिबियनमध्ये १९९० च्या दशकात दोन-दोन देशांचे करार झाले : एका देशाचा अधिकारी दुसऱ्याच्या जहाजावर बसणार, स्वतःच्या देशाच्या पाण्यात शिरताना परवानगी तोच देणार, अटकही तोच करणार. भारत-मालदीव, भारत-सेशेल्स असं एकेक करत जाता येईल. आणि बिनझेंड्याच्या बोटींपुरती आपल्या एनडीपीएसमध्ये दुरुस्ती. एवढ्यासाठी इराणला विचारावं लागत नाही.

लंगरवाला

सेशेल्सच्या गळ्यात घालण्याआधी एक बघा. एवढासा देश, लोकसंख्येच्या मानाने हेरॉइनचा विळखा भयंकर, त्यात तुम्ही दर मोसमाला दहा-बारा खलाशी तुरुंगात पाठवणार. चाच्यांच्या वेळी तुरुंग बांधायला, कैदी परत न्यायला बाहेरून पैसा आला. या वेळी कोण देणार?

दर्याकाठ

जो पकडतो त्याने द्यावा. एका युद्धनौकेच्या महिन्याभराच्या इंधनापुढे दहा कैद्यांचा खर्च किती?

लंगरवाला

पैसे देतील हो. दुभाषा कोण देणार? आम्ही एकदा बुडत्या ढाऊवरून सात जण वर घेतले, दोन दिवस नावं लिहून घेण्यात गेले. बोलत होते बलुची, आणि आमच्या जहाजावर सात देशांची माणसं असून एकालाही ती येत नव्हती. कबुलीजबाब कुठल्या भाषेत लिहिणार ते आधी ठरवा, मग करार करा.