जुन्या लॅपटॉपला एसएसडी टाकायची का? (सोसायटी ग्रुप)

ए-२०३: मंडळी सल्ला हवाय. २०१५ चा लॅपटॉप आहे, आय-५ पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. चालू केल्यापासून क्रोम उघडेपर्यंत इतका वेळ जातो की मुलगी वैतागून मोबाईलवरच असाइनमेंट करते. दुकानदार म्हणतो भंगारात द्या, नवीन घ्या. खरंच गेलाय का?

सी-५०१: काका भंगारात अजिबात देऊ नका!! आधी कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा आकडा बघा.

ए-२०३: डिस्क १००%, सीपीयू १२%

सी-५०१: मग झालं, प्रोसेसर नुसता बसून आहे आणि सगळं हार्डडिस्कपाशी अडलंय. आत ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) तबकडी फिरते, प्रत्येक छोट्या फाइलसाठी वाचणारं हेड तिथपर्यंत जायचं मग तबकडी फिरून ती जागा खाली यायची, यात १५ मिलिसेकंदाच्या आसपास जातात आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली वाचतं. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही, तेच काम १ मिलिसेकंदाच्याही आत. त्यामुळे एवढी एक गोष्ट बदलली तरी मशीन वापरण्यासारखं होतं.

बी-१०४: घ्यायचीच तर एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) घ्या, ऑफर चालू आहे, सेकंदाला ७००० एमबी स्पीड 👍

सी-५०१: नको दादा, काकांच्या लॅपटॉपमध्ये ती बसणारच नाही बहुतेक. त्या काळातल्या बऱ्याच मशीनना एम.२ स्लॉटच (कार्डसारखी एसएसडी बसवायची खाच) नसतो, काहींना असतो पण तो फक्त साटाचा (डिस्क जोडायची जुनी, हळू पद्धत), म्हणजे कार्ड खाचेत नीट बसतं आणि बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसत नाही, पैसे अडकले. साधी २.५ इंची साटा एसएसडी घ्यायची. साटाला सेकंदाला ५५० एमबीच्या वर स्पीड मिळत नाही पण काकांच्या कामाला तो आकडा महत्त्वाचाच नाही, वर सांगितलं ते थांबणं संपतं हे महत्त्वाचं. बॉक्सवरचे आकडे बघून कुणीही जास्त पैसे घालवू नका प्लीज.

डी-३०२: आणि फोटो? आमच्याकडे पण असाच पडलाय, मुलांचे लहानपणीचे सगळे त्यात आहेत म्हणून हात लावायची भीती वाटते

सी-५०१: ताई बॅकअप सगळ्यात आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर. फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार उघडून बघा. काका तुम्ही क्लोनच्या (जुनी डिस्क जशीच्या तशी नवीनवर उतरवायच्या) भानगडीत पडू नका, १ टीबीवरून ५०० जीबीवर क्लोनझिला हे क्लोनचं सॉफ्टवेअर सरळ जात नाही, आधी पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करावं लागतं. पेनड्राइव्हवरून नवीनच इन्स्टॉल करू, विंडोजचं डिजिटल लायसन मदरबोर्डला जोडलेलं असतं, तीच एडिशन टाकली की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

एफ-७०२: पण विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला ना? मग खर्च कशाला?

सी-५०१: बरोबर मुद्दा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, एसएसडीने त्यात काही फरक पडत नाही. म्हणून माझं मत, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकू. ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ कॉल सगळं चालतं आणि अपडेट मिळत राहतात. कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर आत्ताच सांगा काका, मग मिंट उपयोगाचं नाही.

ए-२०३: तिला विचारलं, गुगल डॉक्स आणि पीपीटी एवढंच. रॅम पण वाढवू का?

सी-५०१: हो, ४ चे ८ करा. पण आधी स्लॉट मोकळा आहे का बघू, आणि यात बहुतेक डीडीआर३एल (जुन्या प्रकारची रॅम) असेल, डीडीआर४ आणलीत तर बसणार नाही.

बी-१०४: उघडायला अवघड आहे का? आमचा पण करतो मग

सी-५०१: नाही. बंद करून चार्जर काढायचा, बॅटरी काढायची किंवा आत तिचा कनेक्टर सोडवायचा. हार्डडिस्क पत्र्याच्या पातळ ब्रॅकेटमध्ये असते, बाजूला बारीक स्क्रू, तोच ब्रॅकेट काढून एसएसडीला लावायचा. काढताना आडवी सरकवायची, वर उचलली तर कनेक्टर तुटतो. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची असेल तर ७ मिमीची एसएसडी आत हलते, बॉक्समध्ये कधीकधी काळी प्लॅस्टिकची पट्टी येते ती चिकटवायची, फेकू नका.

ए-२०३: रविवारी क्लबहाउसमध्ये बसू या का? लॅपटॉपच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो टाकतो.

सी-५०१: चालेल काका, मॉडेल बघून सांगतो काय घ्यायचं, तोवर काही ऑर्डर करू नका. ताई तुम्ही पण या, बाहेरची डिस्क घेऊन. आणि काढलेली हार्डडिस्क लगेच फॉरमॅट करायची नाही कुणी, यूएसबी केसिंगमध्ये घालून ठेवू, एखादी फाइल राहिली असेल तर तिथून काढता येईल.

डी-३०२: येते 🙏 स्क्रूड्रायव्हरचा बारीक सेट आमच्याकडे आहे, आणते.